आतड्याचे औषध आणि रक्तातील बिंबाणू

३० मार्च २००७ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एका औषधाची विक्री थांबविण्याची सूचना ते तयार करणाऱ्या कंपनीला केली आणि कंपनीने ती मान्य केली. औषधाचे नाव टेगासेरॉड. ते हृदयरोगावरचे औषध नव्हते, की रक्तदाबावरचे नव्हते. पोटात वरचेवर येणारी कळ, फुगारा आणि हट्टी बद्धकोष्ठ यांनी बेजार झालेल्या स्त्रियांसाठी २००२ साली त्याला मान्यता मिळाली होती. या विकारात आतडे तपासले तर त्यात व्रण सापडत नाही, सूज सापडत नाही, गाठही सापडत नाही. दोष असतो तो आतड्याच्या हालचालीत आणि त्याच्या संवेदनशीलतेत. अशा रुग्णांना वर्षानुवर्षे ‘तुम्हाला काही झालेले नाही’ हेच ऐकावे लागते. त्यामुळे ज्यांना या गोळीने खरोखर आराम पडला होता त्यांना ती बाजारातून नाहीशी होणे ही साधी गोष्ट वाटली नाही.

विक्री थांबविण्याचे कारण मात्र पोटाशी संबंधित नव्हते. या औषधाच्या एकूण २९ चाचण्यांतील नोंदी एकत्र करून पुन्हा तपासण्यात आल्या होत्या. टेगासेरॉड घेणाऱ्या ११,६१४ रुग्णांपैकी १३ जणांना हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तपुरवठ्यात अडथळा आल्याने त्रास झाला होता. चार जणांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यांतील एक दगावला. सहा जणांच्या छातीत गंभीर स्वरूपाचे दुखणे उद्भवले. तिघांना पक्षाघात झाला. दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी ज्यांना दिली होती, अशा ७,०३१ रुग्णांपैकी केवळ एकाला पक्षाघाताची सुरुवात वाटावी अशी लक्षणे दिसली व ती आपोआप गेली.

या आकड्यांकडे वाचकाने थोडे थांबून पाहावे, कारण पुढील सारी हकीकत त्यांच्यावर उभी आहे. हजारात जेमतेम एक हे प्रमाण तसे अल्पच. औषध निरुपद्रवी आहे असे धरले, तर एकंदर १४ घटना दोन्ही गटांत रुग्णांच्या संख्येच्या प्रमाणात वाटल्या जायला हव्या होत्या, म्हणजे औषधाच्या गटात सुमारे नऊ आणि दुसऱ्या गटात सुमारे पाच. प्रत्यक्षात वाटणी तेरा आणि एक अशी झाली. निव्वळ योगायोगाने इतकी किंवा याहून एकतर्फी वाटणी होण्याची शक्यता गणिताने काढली तर ती साधारण ऐंशीत एक येते. ऐंशीत एक म्हणजे अशक्य नव्हे. परंतु एखादा जबाबदार अधिकारी ज्याकडे काणाडोळा करू शकेल असेही ते नव्हे. त्यातून हे रुग्ण वयाने सरासरी त्रेचाळीस वर्षांचे, बहुसंख्य स्त्रिया, आणि बहुतेक चाचण्या एक ते तीन महिन्यांच्या. एवढ्या अल्प काळात, अशा वयात झटके यावेत हे अनपेक्षित होते. मात्र ज्यांना त्रास झाला त्या सर्वांना आधीपासून हृदयरोग होता किंवा तो होण्यास अनुकूल अशी कारणे, म्हणजे धूम्रपान, रक्तदाब, मेदाचे आधिक्य यांसारखी, त्यांच्या ठिकाणी होती हेही त्याच तपासणीत दिसून आले.

आकडे संशय निर्माण करतात. गुन्हा कसा घडला ते सांगत नाहीत. आतड्याची हालचाल वाढविणारी गोळी हृदयापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचावी? संशयित दोन होते. एक म्हणजे हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांच्या भिंतींतील स्नायू. ते आकुंचन पावले की वाट अरुंद होते. दुसरा संशयित म्हणजे रक्तातील बिंबाणू. त्यांचीच चौकशी कशी झाली हे येथे सांगावयाचे आहे.

बिंबाणू हे रक्तातील सर्वांत लहान घटक. तांबड्या पेशीचा व्यास सात-आठ मायक्रोमीटर, तर बिंबाणूचा दोन ते तीन. एक घन मिलिमीटर रक्तात ते दीड ते साडेचार लाख असतात. अस्थिमज्जेतील प्रचंड आकाराच्या पेशींचे तुकडे पडून ते तयार होतात, म्हणून त्यांना केंद्रक नसते, आणि सात ते दहा दिवसांत त्यांचे आयुष्य संपते. १८८२ साली इटलीतील ट्यूरिन येथे ज्यूल्यो बित्सोत्सेरो या शास्त्रज्ञाने जिवंत प्राण्याच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत त्यांचे निरीक्षण केले आणि वाहिनीला इजा झाली की हे कण तेथे चिकटून ढीग करतात हे दाखविले. भाजी चिरताना बोट कापले आणि दोन-तीन मिनिटांत रक्त थांबले, तर पहिली डागडुजी या कणांनी केलेली असते. तंतूंचे जाळे विणून पक्की गुठळी होणे ही त्यानंतरची पायरी. परंतु जी डागडुजी कापलेल्या बोटात प्राण वाचविते तीच हृदयाच्या रोहिणीत, मेदाच्या थराला तडा गेलेल्या जागी झाली, तर प्राण घेते. बिंबाणूंना जागा चुकल्याचे कळत नाही.

आता आतड्याशी त्यांचे नाते पाहू. आपल्या शरीरातील सेरोटोनिन या रसायनाचा सुमारे नव्वद टक्क्यांहून अधिक साठा मेंदूत नसून पचनमार्गात असतो. मेंदू व मनःस्थिती यांच्या संदर्भात हे नाव इतके गाजले आहे की ही गोष्ट अनेकांना खरी वाटत नाही. इटलीत व्हित्तोर्यो एर्स्पामेर यांना १९३०च्या दशकात आतड्याच्या अस्तरात एक पदार्थ सापडला आणि त्यांनी त्याला ‘एंटेरामीन’ म्हणजे आतड्यातील अमाइन असे नाव दिले. १९४८ साली अमेरिकेत क्लीव्हलंड येथे मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन आणि अर्व्हिन पेज यांनी गुरांच्या रक्तरसातून वाहिन्या आकुंचित करणारा एक पदार्थ वेगळा केला. रक्तरसात सापडणारा आणि वाहिन्यांचा ताण वाढविणारा, म्हणून त्याचे नाव सेरोटोनिन पडले. काही वर्षांतच ध्यानात आले की दोघांनी एकाच पदार्थाला दोन नावे दिली आहेत. एकाला तो आतड्यात भेटला, दुसऱ्यांना रक्तात. आपल्या विषयाचे सारे सूत्र या योगायोगात आहे.

कारण रक्तात सेरोटोनिन येते ते आतड्यातूनच. बिंबाणू स्वतः ते बनवू शकत नाहीत. आतड्याभोवतीच्या रक्तप्रवाहातून जाताना ते आपल्या पृष्ठभागावरील एका वाहक प्रथिनाच्या साह्याने सेरोटोनिन आत ओढून घेतात व आपल्यातील दाट कणिकांत साठवून ठेवतात. जखमेच्या जागी चिकटल्यावर हा साठा ते बाहेर सोडतात, आणि त्यामुळे शेजारचे बिंबाणू अधिक जोमाने एकत्र येतात. एकट्या सेरोटोनिनचे बळ बेताचेच. पण दुसरा एखादा उत्तेजक पदार्थ आधीच काम करीत असेल तर ते त्याला जोर देते. नैराश्यावरील ज्या गोळ्या वरील वाहक प्रथिनाला अडवितात त्या घेणाऱ्यांमध्ये रक्तस्रावाचे प्रमाण किंचित वाढते. त्यांच्या बिंबाणूंची सेरोटोनिनची शिदोरी रिकामी झालेली असते.

टेगासेरॉडची रचना सेरोटोनिनशी मिळतीजुळती आहे. पेशींच्या पृष्ठभागावर सेरोटोनिन ओळखणारी प्रथिने असतात. त्यांना ग्राही म्हणतात आणि त्यांचे अनेक प्रकार आहेत. टेगासेरॉड त्यांतील चौथ्या प्रकारच्या ग्राहींना चालना देते. हे ग्राही आतड्याच्या मज्जातंतूंवर असतात व त्यांना चालना मिळाली की आतड्याची लाट पुढे सरकते. बिंबाणूंवर ज्या ग्राहीचे काम पूर्वीपासून ठाऊक होते तो मात्र दुसऱ्या प्रकारातला. म्हणून पहिला तर्क असा की टेगासेरॉडचा बिंबाणूंशी संबंध नसावा. पण ‘नसावा’ आणि ‘नाही’ यांमधील अंतर प्रयोगानेच ओलांडावे लागते. याच कुळातील सिसाप्राइड या औषधाने आधी एक धडा दिलेला होता. तेही सेरोटोनिनच्या चौथ्या ग्राहींमार्फत पोटावर काम करी, परंतु हृदयाच्या पेशींतील पोटॅशियमचा एक मार्ग ते बंद करीत असल्याचे उघडकीस आले. त्यामुळे हृदयाचे ठोके जीवघेणे अनियमित होत, आणि २००० साली अमेरिकेत त्याची सर्वसाधारण विक्री बंद करावी लागली.

बिंबाणूंचे काम मोजायचे कसे? त्यांची संख्या मोजणे सोपे आहे, आणि डेंग्यूच्या दिवसांत त्या आकड्याची विचारपूस घरोघर चालते. पण संख्या म्हणजे कार्यक्षमता नव्हे. फौजेतील शिपाई मोजल्याने त्यांचा नेम कळत नाही. फार वर्षे डॉक्टरांपाशी एकच उपाय होता. १९१० साली विल्यम ड्यूक यांनी सुचविल्याप्रमाणे कानाच्या पाळीला बारीक छेद द्यावयाचा, दर अर्ध्या मिनिटाने टिपकागदाने रक्त टिपावयाचे आणि स्राव किती वेळात थांबतो ते पाहावयाचे. ही पद्धत साधी खरी, पण छेद देणाऱ्याच्या हातावर फार अवलंबून. औषधाने होणारा सूक्ष्म बदल तीत हरवून जाई.

या क्षेत्राला खरे साधन दिले ते गुस्टाव्ह बॉर्न यांनी. यांचे वडील मॅक्स बॉर्न हे थोर पदार्थवैज्ञानिक. १९३३ साली या ज्यू कुटुंबाला जर्मनी सोडावी लागली, आणि १९३५-३६ च्या हिवाळ्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या निमंत्रणावरून मॅक्स बॉर्न बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काही महिने होते. पुत्र गुस्टाव्ह इंग्लंडमध्ये डॉक्टर झाले व ब्रिटिश सैन्याच्या वैद्यकीय पथकातून युद्धानंतर जपानला गेले. हिरोशिमात किरणोत्सर्गाने अस्थिमज्जा नष्ट झालेले लोक बिंबाणूंच्या अभावी रक्तस्रावाने मरताना त्यांनी पाहिले. बिंबाणूंविषयीची आपली आस्था तेथून सुरू झाली असे ते सांगत.

१९६१ साली नॉर्वेतील शास्त्रज्ञांनी एडीपी नावाचे साधे रसायन बिंबाणूंना एकमेकांस चिकटविते हे दाखविले होते. पुढच्याच वर्षी बॉर्न यांनी ही क्रिया मोजण्याची युक्ती प्रसिद्ध केली; त्याच वर्षी इंग्लंडमध्येच ओब्रायन यांनीही स्वतंत्रपणे तशीच पद्धत वापरली. युक्ती इतकी सोपी आहे की आधी कोणाला कशी सुचली नाही असे वाटावे. दूध नासताना आपण सर्वांनी पाहिले आहे. तोपर्यंत पांढरे, अपारदर्शक असलेले दूध फुटते, चोथा एकत्र येतो आणि मधले पाणी नितळ होते. बिंबाणूंनी भरलेला रक्तद्रव असाच गढूळ असतो. त्यातून प्रकाशाचा झोत सोडला तर थोडाच पलीकडे जातो. एडीपीचा थेंब टाकून ढवळले की बिंबाणूंचे पुंजके होतात, द्रव नितळत जातो आणि पलीकडे पोहोचणारा प्रकाश वाढत जातो. तो क्षणोक्षणी मोजून कागदावर रेघ काढली की बिंबाणू किती लवकर आणि किती प्रमाणात एकत्र आले ते दिसते. साठ वर्षे उलटून गेली तरी जगभरच्या प्रयोगशाळांत हीच कसोटी प्रमाण मानली जाते.

सोपी युक्ती आणि सोपा प्रयोग यांत मात्र अंतर आहे. रक्तदात्याने किमान दहा दिवस ऍस्पिरिनला स्पर्श केलेला नसावा, कारण ऍस्पिरिन बिंबाणूतील एक एंझाइम कायमचे निकामी करते आणि केंद्रक नसलेला बिंबाणू ते पुन्हा बनवू शकत नाही. नवे बिंबाणू येईपर्यंत परिणाम टिकतो. डोकेदुखीसाठी घेतलेली गोळी अनेकांच्या लक्षातही राहत नाही, म्हणून हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत दोनदा विचारावा लागतो. दात्याने तुपकट जेवण करून येऊ नये; मेदाने रक्तद्रव आधीच दुधाळ झाला तर प्रकाशाचे मापन चुकते. दंड फार वेळ आवळून न ठेवता जाड सुईने रक्त घ्यावयाचे, कारण घाईत किंवा धडपडीत घेतलेल्या रक्तातील बिंबाणू नळीत पोहोचण्यापूर्वीच चेतलेले असतात. नऊ भाग रक्तात एक भाग सोडियम सायट्रेटचे द्रावण मिसळले की रक्त गोठत नाही. मग नळ्या केंद्रोत्सारी यंत्रात हळू वेगाने फिरवावयाच्या. तांबड्या पेशी तळाशी जातात आणि वर बिंबाणूंनी भरलेला पिवळसर रक्तद्रव उरतो. त्यातील काही भाग जोराने फिरवून बिंबाणूही खाली बसविले की जो स्वच्छ द्रव मिळतो तो शंभर टक्के नितळपणाचे माप ठरतो. नमुना शीतकपाटात ठेवावयाचा नाही. थंडीने बिंबाणूंचा आकार बदलतो. सारे काम रक्त घेतल्यापासून तीन-चार तासांत आटोपावे लागते.

आता औषध कसे घालावयाचे? येथे चूक होणे फार सोपे. टेगासेरॉड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून ते दुसऱ्या एखाद्या द्रावकात विरघळवावे लागते, आणि असे काही द्रावक स्वतःच बिंबाणूंना मंद करतात. यास्तव त्याच दात्याच्या रक्तद्रवाच्या एका नळीत औषधासह द्रावक आणि शेजारच्या नळीत तेवढाच निव्वळ द्रावक घालून तुलना करावी लागते. तुलना एकाच व्यक्तीच्या दोन नळ्यांत करावयाची, कारण माणसामाणसांच्या बिंबाणूंत मुळातच फरक असतो. काही निरोगी माणसांचे बिंबाणू ऍड्रेनलिनला जवळपास दादच देत नाहीत.

यानंतर मात्रेचा प्रश्न. सहा मिलिग्रॅमची गोळी उपाशी पोटी घेतली तरी तिच्यातील दहाव्या हिश्श्याच्या आसपासच औषध रक्ताभिसरणात पोहोचते. जेवणाबरोबर घेतले तर त्याहून कमी. रक्तात त्याचे प्रमाण एका मिलिलिटरमागे काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जांशाच्या हिशेबात मोजावे एवढे. त्यातही अठ्ठ्याण्णव टक्के रक्तद्रवातील प्रथिनांना जखडलेले असते, मोकळे दोन टक्केच. संशोधकाने प्रथिने धुऊन काढलेले बिंबाणू वापरले आणि औषधाचे एकूण प्रमाण तेवढेच ठेवले, तर बिंबाणूंना प्रत्यक्षात भेटणारे मोकळे औषध रुग्णाच्या शरीरातल्यापेक्षा सुमारे पन्नास पट होईल. म्हणून परीक्षानळीतील एखादा परिणाम वाचताना पहिला प्रश्न हाच विचारावा, की किती मात्रेला? पुरेशी मात्रा घातली तर पुष्कळ निरुपद्रवी पदार्थही बिंबाणूंवर काहीतरी करून दाखवितात.

चौथी काळजी उत्तेजकाची. एडीपी भरपूर घातले तर सगळेच बिंबाणू एकत्र येतात आणि औषधाला भर घालण्यास जागाच उरत नाही. औषधाने चिकटण्याची क्रिया वाढते काय हे पाहावयाचे असेल तर उत्तेजक इतका बेताचा असावा की एकटा तो अर्धवटच काम करील. औषधाने ती क्रिया मंदावते काय हे पाहावयाचे असेल तर उलट. शिवाय एडीपी, कोलॅजन, ऍड्रेनलिन, थ्राँबिनच्या ग्राहीला जागविणारा लहान प्रथिनखंड असे उत्तेजक एकामागून एक वापरतात, कारण प्रत्येकाची आत शिरण्याची वाट निराळी. आणि कसोटी मुळात जागी आहे हे दाखविण्यासाठी ज्याचा परिणाम ठाऊक आहे असा पदार्थ सोबत तपासावा लागतो. त्याच्याविना आलेल्या ‘परिणाम नाही’ या उत्तराला किंमत नसते.

टेगासेरॉडच्या बाबतीत हे सारे झाले तेव्हा काय दिसले? २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांचे तसेच या विकाराच्या रुग्णांचे रक्त तपासले गेले. बिंबाणूंवर सेरोटोनिनचे चौथे ग्राही असल्याच्या खुणा सापडल्या, आणि टेगासेरॉड घातलेल्या नळ्यांत चिकटण्याची क्रिया निव्वळ द्रावकाच्या तुलनेत किंचित वाढलेली दिसली. वाढ लहान होती, पण गणिताच्या कसोटीवर टिकणारी होती. यकृतातून बाहेर पडणारे या औषधाचे प्रमुख रूपांतरित रसायन मात्र निष्क्रिय ठरले. पुढे दुसऱ्या संशोधकांनी केलेल्या प्रयोगांत टेगासेरॉडचा बिंबाणूंवर तसा परिणाम आढळला नाही. रोहिण्यांच्या तुकड्यांवरील प्रयोगांतूनही तिसऱ्याच कोणावर बोट ठेवावे असा ठाम पुरावा हाती लागला नाही.

सामान्य वाचकाला हा निकाल असमाधानकारक वाटेल, आणि तसे वाटणे रास्तच आहे. नळीतील किंचित वाढ ही तेरा रुग्णांच्या आजाराची कारणमीमांसा होऊ शकते काय? माझ्या मते नाही. निदान एकटी तरी नाही. परंतु तिच्यावरून बिंबाणू पूर्ण निर्दोष सुटले असेही म्हणता येत नाही. निरोगी वाहिनीच्या आतील अस्तरातून बिंबाणूंना शांत ठेवणारी द्रव्ये सतत पाझरत असतात. जेथे ते अस्तर झिजले आहे तेथे हा आवर सुटतो, आणि सेरोटोनिनने वाहिनी सैल होण्याऐवजी आवळलीही जाते. आजारी पडलेले सारे रुग्ण आधीपासून धोक्याच्या वाटेवर होते हे येथे पुन्हा आठवावे. काचेच्या नळीला अस्तर नसते, मेदाचा थर नसतो, रक्ताचा वेग नसतो. तेथे बिंबाणू एकटे असतात.

दुसरीकडे रुग्णांच्या नोंदींची चौकशी चालूच होती. विम्याच्या व रुग्णालयांच्या जुन्या नोंदींतून टेगासेरॉड घेतलेल्यांची तुलना त्यांच्याशी जुळणाऱ्या पण औषध न घेतलेल्या लोकांशी करण्यात आली. अशा एका अभ्यासात प्रत्येक गटात पन्नास हजारांहून अधिक लोक होते. हृदयविकार किंवा पक्षाघात यांचे प्रमाण त्यात वाढलेले दिसले नाही. मूळ १३ घटना बाहेरच्या तज्ज्ञांनी औषध कोणाला दिले होते हे न कळविता पुन्हा तपासल्या, तेव्हा त्यांतील काही कसोटीला उतरल्या नाहीत आणि आकडा खाली आला.

नळीतील उत्तर आणि रुग्णातील उत्तर जुळत नाही याचे एक उलट उदाहरण आपल्या अधिक परिचयाचे आहे. आम्लपित्तावर घेतले जाणारे ओमेप्राझोल आज खेड्यांतील औषधाच्या दुकानांतही मिळते. हृदयाच्या रोहिणीत स्टेंट बसविलेल्या रुग्णाला बिंबाणू मंद करणारे क्लोपिडोग्रेल देतात, आणि त्याच्या जोडीच्या ऍस्पिरिनने जठरातून रक्तस्राव होऊ नये म्हणून पुष्कळदा आम्ल कमी करणारी गोळीही देतात. क्लोपिडोग्रेल हे गिळताना निष्क्रिय असते. यकृतातील एंझाइमे त्याला सक्रिय करतात. ओमेप्राझोल नेमके त्यांतील एका एंझाइमला अडविते. ते बिंबाणूंना स्वतः हात लावीत नाही, पण त्यांना आवरणाऱ्याचे हात बांधते. २००८ साली फ्रान्समधून १२४ रुग्णांवरील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सात दिवसांनंतर बिंबाणूंच्या सक्रियतेचा निर्देशांक केवळ क्लोपिडोग्रेल व ऍस्पिरिन घेणाऱ्यांत ३९.८, तर सोबत ओमेप्राझोल घेणाऱ्यांत ५१.४ निघाला. फरक स्पष्ट होता आणि २००९ साली अमेरिकेच्या प्रशासनाने ही जोडी टाळण्याची सूचना दिली. परंतु ३,७६१ रुग्णांवरील मोठी चाचणी २०१० साली प्रसिद्ध झाली तेव्हा हृदयविकाराच्या घटना दोन्ही गटांत जवळजवळ सारख्याच आढळल्या, ओमेप्राझोल घेणाऱ्यांत ४.९ टक्के व न घेणाऱ्यांत ५.७ टक्के. जठरातील रक्तस्रावासारखे त्रास मात्र २.९ टक्क्यांवरून १.१ टक्क्यावर आले होते. ती चाचणी चालविणाऱ्या कंपनीजवळचा पैसा संपल्याने वेळेआधीच थांबली, त्यामुळे तिचा निकाल अखेरचा मानता येत नाही आणि सावधगिरीची सूचना पुढेही कायम राहिली. हृदयविकाराची औषधे घेणाऱ्या वाचकाने येथे वाचलेल्या कोणत्याही आकड्यावरून आपली गोळी स्वतः बंद करू नये. जठराचा दाह कमी करणारी व या एंझाइमला फारसा धक्का न लावणारी दुसरी औषधे आहेत, आणि त्यांची निवड करणे हे डॉक्टरचे काम आहे.

टेगासेरॉडची पुढची वाटचाल देशागणिक निराळी झाली. भारतात अनेक कंपन्या ते बनवीत असत आणि अमेरिकेतील विक्री थांबल्यावरही येथे ते मिळत होते. मार्च २०११ मध्ये केंद्र शासनाने त्यावर बंदी घातली. अमेरिकेत ऑक्टोबर २०१८ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने जुना-नवा पुरावा पुन्हा चाळला. त्यानंतर मार्च २०१९ मध्ये ज्यांचे वय ६५ पेक्षा कमी आहे व ज्यांना पूर्वी हृदयविकार किंवा पक्षाघात झालेला नाही अशाच स्त्रियांना ते देण्याची परवानगी मिळाली. एकदा मागे घेतलेले औषध असे परत येण्याचे प्रसंग विरळच. पण तोवर बारा वर्षे गेली होती आणि त्याची जागा इतर औषधांनी घेतली होती. जून २०२२ मध्ये विक्री पुन्हा थांबली; या वेळी कारण सुरक्षिततेचे नव्हते, व्यवहाराचे होते.

दरम्यान चौथ्या ग्राहींना अधिक अचूकपणे चालना देणारे प्रुकॅलोप्राइड हे औषध पुढे आले. त्याला युरोपात २००९ साली मान्यता मिळाली, पण अमेरिकेत ते डिसेंबर २०१८ पर्यंत थांबून राहिले. त्या काळात त्याच्या उत्पादकांना हृदयाच्या पेशींवर, रोहिण्यांवर आणि बॉर्न यांच्या पद्धतीने बिंबाणूंवर त्याचे प्रयोग करून दाखवावे लागले, आणि युरोपातील हजारो रुग्णांच्या नोंदी तपासून द्याव्या लागल्या.